डोळे मिटले की तोल का जातो?

कोल्हापुरात पावसाळा लागला की ‘आजी न्हाणीघरात घसरल्या’ हे वाक्य दर चार घरांआड ऐकू येते आणि सगळा दोष बुळबुळीत फरशीच्या माथी मारला जातो. फरशी दोषी असतेच. परंतु कित्येकदा पाय घसरण्याआधीच तोल गेलेला असतो, आणि तोही नेमका तोंडाला साबण लावून डोळे मिटल्याच्या क्षणी.

मेंदूला तोलाची खबर तिघांकडून मिळते: डोळे, आतल्या कानातील द्रवाने भरलेल्या नलिका आणि पिशव्या, आणि तळपाय, घोटे व स्नायू यांतील संवेदक. यांतला तिसरा सर्वांत दुर्लक्षित. आपण स्तब्ध उभे असतो तेव्हाही शरीर किंचित डोलत असते. ते पुढे झुकले की चवड्यांवरचा दाब वाढतो, पोटरी ताणली जाते, तिच्यातील सूक्ष्म ताणमापक मायलिन या संदेशांचा वेग वाढवणाऱ्या स्निग्ध द्रव्याचे जाड वेष्टन असलेल्या मज्जातंतूंवाटे मज्जारज्जूकडे संदेश धाडतात आणि पोटरी आकुंचन पावून देहाला मागे खेचते. वयोमानाने हे संवेदक बोथट होतात, संदेश रेंगाळतात आणि झटपट आकुंचन पावणारे स्नायुतंतू अधिक झिजतात. जुन्या मधुमेहात तर तळव्यांची जाणीवच हरपू शकते. मग सारी भिस्त डोळ्यांवर येते, आणि साबणामुळे तेही मिटतात. एकोणिसाव्या शतकातील जर्मन वैद्य मोरिट्झ रॉम्बर्ग यांच्या नावाची, पाय जुळवून व डोळे मिटून उभे राहण्याची चाचणी याच तत्त्वावर आधारलेली आहे. ती घरी करायची झाल्यास शेजारी धरायला माणूस हवा.

पडलेल्या माणसाची मीठ-मोहरीने दृष्ट काढल्याने नुकसान होत नाही. मात्र तोल सावरण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या चुंबकीय पादुकांवर पैसे घालवणे व्यर्थ आहे. त्याहून घातक म्हणजे ‘आता नुसते बसून राहा’ हा प्रेमळ हुकूम, कारण त्याने उरलेसुरले स्नायूही जातात. 2019 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या संशोधन-आढाव्यानुसार व्यायामामुळे वृद्धांचे पडणे सुमारे 23 टक्क्यांनी घटते. पण त्यात तोलाचा सराव हवा. रंकाळ्यावरच्या नुसत्या फेरीने तेवढा लाभ होतो, असा भक्कम पुरावा नाही. स्वयंपाकाचा ओटा धरून एका पायावर उभे राहणे आणि हात न टेकता खुर्चीतून उठणे, तालमीच्या या गावाला जड जाऊ नये.

न्हाणीघरात आधाराची दांडी तोंड धुण्याच्या जागी, हाताशी आणि भिंतीत पक्की बसवलेली हवी. टॉवेल टांगायच्या दांडीचे स्क्रू माणसाचे वजन पेलत नाहीत.