जुने गोवे वेगळं, फोंतेन्हास वेगळं: फोटोसाठी कुठे आणि कधी जायचं

मागच्या मे महिन्यात माझा मावसभाऊ सांगलीहून बायको-मुलांना घेऊन आला होता, आणि दुपारी बाराला त्याचा फोन, "ताई, आम्ही ओल्ड गोव्यात पोचलो, पण ती पिवळी-निळी घरं कुठेत गं?" तो उभा होता बासिलिकेसमोर, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चसमोर. डोक्यावर ऊन, आजूबाजूला चर्चं आणि हिरवळ, आणि रंगीत घर म्हणाल तर एकही नाही. असणार कसं, ती घरं तिथे नाहीतच, ती पणजीत आहेत, फोंतेन्हासमध्ये, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मग जेवणंबिवणं करून ते पणजीला आले तोवर साडेपाच वाजले होते आणि गल्लीतलं ऊन निघून गेलं होतं, म्हणजे एकाच दिवसात दोन्ही ठिकाणं नेमक्या चुकीच्या वेळेला बघून झाली. मला फार वाईट वाटलं, कारण पोरीने खास नवीन फ्रॉक घातला होता फोटोसाठी.

हा गोंधळ दर सीझनला होतो, आणि त्यात लोकांची तरी काय चूक. दोन्हीकडे "जुनं", दोन्हीकडे पोर्तुगीज, आणि फोटो टाकणारे खाली नुसतं "ओल्ड गोवा" लिहून मोकळे होतात. म्हणून एकदा नीट सांगते.

जुने गोवे, कोंकणीत पोरणें गोंय, हे पणजीपासून साधारण नऊ-दहा किलोमीटर पूर्वेला मांडवीच्या काठावर. १५१० साली पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून हे शहर घेतलं, पुढे ती पोर्तुगीजांची इथली राजधानी झाली, मोठमोठी चर्चं उभी राहिली. नंतर साथीवर साथी आल्या, माणसं मरत गेली, उरलेली उठून गेली, आणि १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला आली. तिथल्या कितीतरी इमारती पाडून त्यांचे चिरे, म्हणजे जांभ्याचे दगड, पणजीच्या बांधकामाला आणले. म्हणून आज तिथे चर्चं आणि मठ उरलेत पण त्यांच्यामधलं शहर उरलेलं नाही, घरं, बाजार, गल्ल्या सगळं गेलं. फोटो काढताना ही मोकळी जागाच कामाला येते, पाहिजे तेवढं मागे जाऊन अख्खी इमारत आभाळासकट घेता येते.

फोंतेन्हास म्हणजे पणजीतला एक वाडा, म्हणजे एक वस्ती. एका बाजूला आल्तिन्हो टेकडी, दुसऱ्या बाजूला ओरेमची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरांना घरं लागलेली. टेकडीच्या पायथ्याशी झरा आहे, त्या झऱ्यावरून नाव पडलं, आधी इथे माडांची बाग होती म्हणतात. इथे लोक राहतात, आजही. सकाळी पोदेर सायकलवर भोंपू वाजवत येतो, पायरीवर पिशवी अडकवलेली असते त्यात पाव टाकतो, वरच्या खिडकीतून कोणीतरी कपडे झटकतं. गल्ली इतकी अरुंद की मागे सरकाल तर पाठ समोरच्या घराच्या भिंतीला लागते.

म्हणून मी म्हणते की जुन्या गोव्यात जागा शोधायची ती सूर्य बघून, आणि फोंतेन्हासमध्ये शोधायची ती माणसांना विचारून.

आधी सूर्याचं. से कॅथेड्रलचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे त्याचा दर्शनी भाग सकाळी उजळतो, दुपारनंतर गेलात तर ती पांढरी भिंत राखाडी दिसते आणि मागचं आभाळ फटफटीत पांढरं येतं. त्याला एकच मनोरा आहे, दुसरा १७७६ मध्ये पडला, आणि ते एका बाजूला रिकामं राहिलेलं रूप मला स्वतःला फार आवडतं, त्यामुळे फोटो अगदी मधोमध उभं राहून काढूच नका, जरा तिरपं उभं राहा, मनोरा नीट उठून दिसतो. बॉम जेझूची बासिलिका रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, तिचं काम दुपारनंतर. विसाव्या शतकात तिच्या बाहेरच्या भिंतींचा गिलावा काढून टाकला, आतला चिरा उघडा पडला, आणि कलत्या उन्हात तो चिरा असा काही तांबूस होतो की त्यावर कुठलाही फिल्टर लावावा असं वाटत नाही. आत सेंट झेवियरचे अवशेष आहेत, लोक प्रार्थनेला येतात, माणूस उभा करून फोटो काढायला आत मनाई आहे, तेवढं पाळा. ट्रायपॉड लावायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

पण जुन्या गोव्यात मला एकच जागा निवडायला सांगितली तर मी सेंट ऑगस्टीनचा मनोरा सांगेन. बासिलिकेकडून चढाने थोडं वर चालत जायचं, बहुतेक टुरिस्ट बस तिथे थांबत नाहीत. १८३५ मध्ये तिथला मठ ओस पडला, १८४२ मध्ये त्याच्या चर्चच्या छप्पराची कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भाग पडला, आणि आता ४६ मीटर उंचीचा अर्धाच मनोरा उभा आहे, वरून कापल्यासारखा. उंची फोटोत कळायला हवी असेल तर पायथ्याशी माणूस उभा करा, नाहीतर तो कितीही मोठा असला तरी फोटोत काहीच वाटत नाही. जमिनीवर जुन्या थडग्यांच्या कोरलेल्या शिळा आहेत, लोक वर बघत त्यांच्यावरून चालत जातात. खाली वाकून बघा, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्यावरची अक्षरं आणि कोरीव काम सावलीने उठून येतं, भर दुपारी तीच शिळा सपाट दगड वाटते. आणि पावसाळ्यात हा चिरा भिजून गर्द होतो, फटीतून हिरवं उगवतं, जुलैत गेलात तर छत्री कोणालातरी धरायला सांगा पण जा.

सूर्यास्ताला माउंटच्या चॅपेलकडे, पूर्वेच्या टेकडीवर. तिथून माडांच्या वर आलेले सगळे मनोरे आणि मांडवी एकत्र दिसते.

आता फोंतेन्हास. इथे आल्तिन्हो पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्य टेकडीआड लवकर जातो, मावसभावाचं हेच झालं. सकाळी सात ते साडेआठ ही वेळ धरा, ऊन खाडीच्या बाजूने येतं, पिवळ्या भिंतीवर पडतं आणि समोरच्या निळ्या भिंतीवर त्याचा उजेड परततो. गाड्या लागलेल्या असतात, त्याला इलाज नाही, कॅमेरा जरा वर उचलून फक्त खिडक्या, कौलं, छपरावरचा कोंबडा, घराच्या नावाची निळी-पांढरी फरशी असं घ्या. पावसाने रंग उतरतात आणि नाताळाच्या आधी बरीच घरं परत रंगवतात, तेव्हा डिसेंबरात एकदम ताजे रंग मिळतात, पण मला सप्टेंबरातल्या शेवाळ धरलेल्या भिंतीही तितक्याच आवडतात.

आणि विचारायचं ते असं. मी स्वतः बघितलंय, एका घराच्या पायऱ्यांवर लग्नाआधीच्या शूटिंगवाल्यांनी छत्र्या, लाइट, बॅगा सगळं मांडलं होतं आणि त्या घरची आजी हातात पावाची पिशवी घेऊन स्वतःच्याच दारात जायला दहा मिनिटं उभी होती. कोणी तिला बघितलंसुद्धा नाही. कितीतरी घरांवर फोटो काढू नका असे बोर्ड लागलेत ते यामुळेच, आणि ते लोकांनी उगाच लावलेले नाहीत. गल्लीतून चालताना लांबून फोटो काढा, पण कोणाच्या पायरीवर बसायचं, दाराला टेकायचं, खिडकीतून आत लेन्स घालायची तर आधी विचारा. "काकी, हांगा एक फोटो काडूं?" एवढं कोंकणीत विचारलंत तरी बहुतेक वेळा हसून हो म्हणतात, आणि माझ्या अनुभवात एकदा तर आतून खुर्ची आणून दिली. नाही म्हणाल्या तर पुढच्या गल्लीत जायचं.

सेंट सेबास्तियनचं चॅपेल मात्र चुकवू नका, गल्लीच्या टोकाला छोटंसं पांढरं. आतला क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातून आलाय, मधे पणजीतल्या आदिलशाही पॅलेसमध्ये होता, मग इथे. बहुतेक ठिकाणी क्रूसावरच्या येशूचे डोळे मिटलेले असतात, इथे उघडे आहेत.

आणि ते पांढऱ्या नागमोडी जिन्याचं चर्च, जे सगळ्यांनाच हवं असतं, ते या दोन्हीत नाही, ते पणजीच्या बाजारपेठेत आहे, फोंतेन्हासपासून चालत. त्याच्या वरची मोठी घंटा मूळची सेंट ऑगस्टीनच्या त्या अर्ध्या मनोऱ्यातली.

तर दिवस असा लावा: सकाळी उठून आधी फोंतेन्हास, कदंब स्टँडवर उतरलात तर खाडीवरचा पूल ओलांडून पंधरा मिनिटांत पायी. नाश्ता करून नागमोडी जिना. मग उन्हाच्या वेळी घरात नाहीतर म्युझियममध्ये बसा, आणि तीनच्या सुमारास कदंबवरूनच जुन्या गोव्याची बस पकडा, सारख्या सुटतात. बस रायबंदरवरून जाते, डावीकडची खिडकी मिळवा, १६३०च्या दशकात बांधलेल्या त्या लांब बांधावरून मांडवी पूर्ण दिसते. आधी बासिलिका, मग मनोरा, मग माउंट. से कॅथेड्रलचा फोटो त्या दिवशी जमणार नाही, त्याला दुसरी सकाळ ठेवा. भाऊ दिवाळीत परत येतोय, तेव्हा त्याला मी सहा वाजताच उठवणार आहे, आणि पोरीला तोच फ्रॉक घेऊन यायला सांगितलंय.