५२ अंशांचा सल्ला

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माझी भाची शाळेतून आली ती दप्तर सोफ्यावर टाकून थेट माझ्या शेजारी बसली. आठवीत आहे. शाळेच्या बास्केटबॉल टीमचं सिलेक्शन तीन आठवड्यांवर आलेलं. मैत्रिणींनी भरीला घातलं म्हणून नाव देऊन मोकळी झाली होती, आणि चेंडू हातात धरून झाले होते जेमतेम दोन महिने.

"मावशी, नेटवर लिहिलंय की ५२ अंशांत मारायचा. मी तसाच मारते. तरी दर वेळी रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतो."

मी फिजिक्स शिकवते. खेळाशी माझा संबंध शाळेतल्या खो-खोपुरता, तोही बहुतेक खुंटाजवळ उभं राहण्यापुरता. पण ५२ हा आकडा माझ्या ओळखीचा होता. चाऊ ट्रान आणि लॅरी सिल्व्हरबर्ग या अमेरिकेतल्या दोघा अभियंत्यांनी २००८ साली फ्री थ्रोची (ठरलेल्या रेषेवरून, कुणी अडवत नसताना मारायच्या शॉटची) लाखो उड्डाणं कॉम्प्युटरवर चालवून पाहिली. त्यांचा निष्कर्ष असा: चेंडू साधारण ५२ अंशांच्या कोनात सोडा, त्याला सेकंदाला सुमारे ३ उलटे फेरे द्या, आणि नेम रिंगच्या मध्यापेक्षा थोडा मागे धरा. अभ्यास चोख आहे. फक्त तो पुरुषांच्या बास्केटबॉलवरचा आहे, आणि तिथला माणूस चेंडू सोडतो तो माझ्या भाचीच्या डोक्याच्या कितीतरी वरून.

रविवारी सकाळी टेप, कंपासपेटी आणि मोबाइल घेऊन आम्ही कॉलनीच्या बागेत गेलो. तिथे सिमेंटचा अर्धा कोर्ट आहे. रिंगची उंची मोजली, ३.०५ मीटर भरली. (कॉलनीतल्या रिंगा पुष्कळदा खाली लावलेल्या असतात, म्हणून आधी मोजलेलं बरं.) ही उंची कुणा शास्त्रज्ञाने ठरवलेली नाही. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने जिमखान्याच्या सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. तो कठडा १० फुटांवर होता, म्हणून रिंग आजही १० फुटांवर. कठडा ८ फुटांवर असता तर माझ्या भाचीचं काम बरंच सोपं झालं असतं!

ती फ्री थ्रोच्या रेषेवर उभी राहिली आणि मी बाजूने व्हिडिओ घेतला. मग झाडाखाली बसून, चेंडू हातातून सुटतो तिथे व्हिडिओ थांबवून, मोबाइलच्या पडद्यावर कंपासपेटीतला कोनमापक ठेवला. तिला वाटत होतं ५२, निघाले ४७. चेंडू सुटत होता जमिनीपासून १.८५ मीटरवर. म्हणजे रिंगपर्यंत त्याला १.२० मीटर चढायचं आणि साधारण ४.२ मीटर पुढे जायचं.

आता घरातली पिठाची चाळणी आठवा. वरून पाहिली तर तिचं तोंड गोल दिसतं. डोळ्यांच्या पातळीकडे आणत जा, गोलाचा लांबट डोळा होतो आणि शेवटी नुसती रेघ उरते. चेंडूलाही रिंग तशीच 'दिसते'. रिंगचा आतला व्यास ४५ सेंटीमीटर, मुलींच्या ६ नंबरच्या चेंडूचा सुमारे २३. सरळ वरून पडणाऱ्या चेंडूला जागाच जागा. पण चेंडू जितका आडवा येईल तितकं ते तोंड त्याच्यासाठी अरुंद होतं, आणि ३१ अंशांच्या खाली तो कडेला न लागता आत जाऊच शकत नाही. कागदावर गणित मांडलं (हवेचा विरोध सोडून): ४७ अंशांत सुटलेला भाचीचा चेंडू रिंगवर उतरतो तो जेमतेम २७ अंशांत. त्याच्यापुरतं रिंगचं तोंड उरतं २० सेंटीमीटर. २० मध्ये २३ कसे जाणार? पोरीचा नेम चुकत नव्हता. तिला दारच बंद होतं.

बरं, नेटवरचे ५२ अंश तिने अचूक पाळले असते तर? तिच्या उंचीवरून चेंडू उतरला असता ३५ अंशांत, आणि दोन्ही बाजूंची मिळून मोकळी जागा राहिली असती जेमतेम तीन सेंटीमीटर. तिला हवेत ५८. मग चेंडू सुमारे ४६ अंशांत उतरतो आणि मोकळी जागा नऊ सेंटीमीटरच्या वर जाते. "पण एवढा वर मारायला ताकद कुठून आणू?" हा तिचा पुढचा प्रश्न, आणि या साऱ्या गणितातली मला सर्वात आवडलेली गोष्ट त्याच्या उत्तरात आहे. तिच्या जागेवरून ५२ अंशांसाठी चेंडूला सेकंदाला साधारण ७.४ मीटर वेग लागतो, ५८ साठी ७.५. एक टक्क्याचा फरक. कमीत कमी जोर लागणारा कोन ५३ च्या आसपास असतो आणि त्याच्या अवतीभवती वेगाची गरज फारशी हलत नाही. जोर तिच्याकडे होताच, दिशा हवी होती. मी तिला अंश सांगायचे बंद केले आणि एवढंच म्हटलं, "चेंडू रिंगच्या वर दोन हात चढला पाहिजे." ४७ अंशांत तो हातभरसुद्धा चढत नव्हता.

तेव्हापासून मला एक नाद लागला. तिला मिळणारा प्रत्येक सल्ला मुळात कुणाच्या मापाचा आहे, हे पाहायचं.

शेजारचा कॉलेजात खेळणारा मुलगा तिला सांगून गेला होता, "जास्त डोकं नाही लावायचं, बिनधास्त खेळायचं." त्याच्यासाठी हे खरंच आहे. मुरलेल्या खेळाडूच्या हालचाली मेंदूच्या अशा भागांकडे गेलेल्या असतात जिथे जाणीवपूर्वक विचाराची ये-जा नसते. त्याने मध्येच मनगटाकडे लक्ष दिलं की बसलेली लय मोडते. पण नवख्याचं काय? शॉन बायलॉक आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००२ साली फुटबॉलमध्ये हे तपासलं. खुणांमधून चेंडू काढत नेताना एकदा आपल्याच पायाकडे लक्ष द्यायचं आणि एकदा कानावर पडणाऱ्या शब्दांकडे. तरबेज खेळाडू पायाकडे लक्ष दिल्यावर अडखळले. नवशिके मात्र पायाकडे लक्ष दिलं तेव्हाच जास्त चांगले खेळले. आणि तरबेजांना सवयीचा नसलेला पाय वापरायला लावला, तर तेही नवशिक्यांसारखे वागले! तेव्हा दोन महिन्यांच्या खेळाडूने मनात "गुडघे, कोपर, मनगट" म्हणत चेंडू मारला तर त्यात काही चूक नाही. डोकं न लावण्याची चैन अजून तिला परवडणारी नाही.

ड्रिबलचंही, म्हणजे चेंडू जमिनीवर टप्पे देत नेण्याचंही, तसंच. डोकं वर ठेव, चेंडूकडे पाहू नकोस, असं सगळे सांगतात, पण चेंडू हाताशी परत का येत नाही हे कुणी सांगत नाही. चेंडूच्या नियमांत बरीच वर्षं एक चाचणी होती: १.८ मीटरवरून नुसता सोडलेला चेंडू उसळून त्याचा माथा १.२ ते १.४ मीटरच्या दरम्यान आला पाहिजे. चेंडूची स्वतःची जाडी वजा करा, म्हणजे दर टप्प्याला त्याची सुमारे चाळीस टक्के ऊर्जा जाते: थोडी आवाजात, थोडी रबर तापण्यात. ड्रिबल म्हणजे ही तूट दर वेळी भरून काढणं. चापट मारली तर हात चेंडूला क्षणभरच लागतो आणि ऊर्जा फार थोडी पोचते. बोटं पसरून चेंडूला खालपर्यंत ढकलत नेलं, तर त्याच जोराने जास्त काम होतं, शिवाय दिशाही हातात राहते. भाकरी थापणं आणि कणीक मळणं यात जो फरक आहे तोच. भाची थापत होती. त्यातून शाळेचा चेंडू निम्मा बसलेला. तो पंपाने भरून घेतल्यावर अर्धी तक्रार तिथेच मिटली.

रोज एकाच जागेवरून शंभर शॉट मारायचे, असाही एक बेत तिने वहीत लिहिला होता. त्याने त्या दिवशी नेम सुधारलेला दिसतो, मनाला बरंही वाटतं. कर आणि बूथ या संशोधकांचा १९७८ चा एक प्रयोग मी वर्गातसुद्धा सांगते. आठ वर्षांच्या मुलांना लहानशा पिशव्या नेम धरून टाकायला दिल्या. एका गटाने सगळा सराव ३ फुटांवरून केला, दुसऱ्याने २ आणि ४ फुटांवरून. ३ फुटांवर हा दुसरा गट कधी उभाच राहिला नाही. परीक्षा घेतली ३ फुटांवरून, आणि सरस ठरला दुसरा गट. अंतर बदललं की मेंदूला दर वेळी जोराचा हिशेब नव्याने मांडावा लागतो, आणि तो हिशेबच पुढे कामाला येतो. अर्थात शॉटचा घाटच बसलेला नसताना जागा बदलत राहण्यात अर्थ नाही. आम्ही पहिला आठवडा घाटाला दिला. मग पाच जागांवर खडूने फुल्या मारल्या आणि लागोपाठ दोन शॉट एका फुलीवरून मारायचे नाहीत, असं ठरवलं. त्या दिवशी तिचे शॉट आधीपेक्षा जास्त चुकले आणि ती माझ्यावर भरपूर चिडली. हे होणारच होतं.

मोठ्यांचं सगळंच नवख्यांना घट्ट किंवा सैल होतं असंही नाही. जोन व्हिकर्सने १९९६ मध्ये फ्री थ्रो मारणाऱ्यांची नजर मोजली. चांगल्या खेळाडूंची नजर शॉटआधी रिंगवरच्या एका जागी जास्त वेळ स्थिर असते, इतरांची भिरभिरते. २०११ मध्ये व्हाइन आणि विल्सन यांनी ही सवय थेट नवशिक्यांना शिकवली, तर दडपणाखाली त्यांचा नेम इतर नवशिक्यांपेक्षा चांगला टिकला. ही युक्ती आम्ही जशीच्या तशी उचलली.

सिलेक्शनच्या आदल्या आठवड्यात खरी अडचण पुढे आली. आमच्या इंदुरातल्या रेसकोर्स रोडवरच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्ससमोरून स्कूटरने जाताना तिने मागून माझ्या मानेला हात लावला. बर्फासारखा गार, वर ओला. "मावशी, नुसतं इकडून गेलं तरी असं होतं. तिथे सगळ्यांसमोर चेंडू धरणार कसा?"

धोका वाटला की मेंदू मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना ॲड्रेनॅलिन सोडायला लावतो. हृदय धडधडतं, कातडीकडचं आणि पोटाकडचं रक्त मांड्यांकडे, मोठ्या स्नायूंकडे वळतं. बोटं गार पडतात ती म्हणून, पोटात गोळा येतो तोही त्यातूनच. तळहातांच्या घामाचं उकाड्याशी फारसं देणंघेणं नसतं, तिथल्या ग्रंथी भावनांना उत्तर देतात. थोडी ओल पकड सुधारते, जास्त झाली की चेंडू निसटतो; त्यासाठी कमरेला एक नॅपकिन पुरतो.

एवढं कळल्यावर घरातून जो सल्ला येतो तो म्हणजे "शांत हो". येर्क्स आणि डॉडसन यांचा १९०८ चा, उंदरांना विजेचे झटके देऊन केलेला प्रयोग यासाठी कायम पुढे केला जातो: ताण थोडा असेल तर काम सुधारतं, फार झाला की बिघडतं, आणि काम अवघड असेल तर ती मर्यादा लवकर येते. उंदरांवरून माणसांबद्दल किती बोलावं, हा भाग वेगळा. पण धडधडणारं शरीर हुकमाने थंड होत नाही, हे कुणीही स्वतःवरून सांगेल. ॲलिसन वुड ब्रुक्सने २०१४ मध्ये वेगळी वाट दाखवली. अनोळखी लोकांपुढे गाण्याआधी काहींना "मी घाबरलेय" म्हणायला सांगितलं आणि काहींना "मी उत्साहात आहे". दुसरे जास्त चांगलं गायले. भीती आणि उत्साह या दोन्हींत शरीर सारखंच उसळलेलं असतं, त्यामुळे एकीकडून दुसरीकडे जाणं शांत होण्यापेक्षा सोपं पडतं. "मी उत्साहात आहे" हे वाक्य मात्र भाचीच्या तोंडी बसेना. पाठ्यपुस्तकातलं वाटतं म्हणाली. मग आजीने शब्द दिला: शर्यतीआधी घोडा करतो ते. फुरफुरणं.

श्वासाची युक्तीही सोबत ठेवली. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित उतरते, म्हणून घेण्यापेक्षा सोडणं लांबवायचं. फ्री थ्रोआधी असा एक श्वास पुरतो.

झोपेवरून मात्र वाद झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ११ बास्केटबॉलपटूंना चेरी माह यांनी काही आठवडे रोज किमान दहा तास अंथरुणात घालवायला लावले, तेव्हा त्यांचे फ्री थ्रो ९ टक्क्यांनी सुधारले. हा अभ्यास २०११ चा. तोही दुसऱ्याच्याच मापाचा, हे भाचीने लगेच माझ्यावर उलटवलं. पण १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप हवी, ही शिफारस थेट तिच्याच वयाची आहे. दिवसा शिकलेल्या हालचाली मेंदू रात्री पक्क्या करतो. तेव्हा शनिवारी रात्री साडेअकराला पाहुण्यांबरोबर सराफ्यातल्या खाऊगल्लीत जायचं तिचं रद्द झालं. भुट्ट्याचा कीस पार्सल आला.

सिलेक्शनच्या दिवशी सकाळी शेव-जिरावण घातलेले पोहे तिने अडीच तास आधी खाल्ले आणि जिलबीला हात लावला नाही. पोटाकडे रक्त कमी असताना तळलेलं पचायला वेळ लागतो, हे तिने मलाच ऐकवलं. शाळेच्या फाटकापाशी तिने हात पुढे केला. गारच होता.

"फुरफुरतेय," म्हणाली, आणि नॅपकिन कमरेला खोचून आत पळाली.