काजऱ्याचे विष मोजण्याची दोनशे वर्षे

कोकणात आणि गोव्यात काजऱ्याचे झाड फळावर आले की नारिंगी गोळ्यांनी भरून जाते. फळ फोडले की आत चपट्या, राखाडी, रेशमी लव असलेल्या बटणासारख्या बिया निघतात. हाच आयुर्वेदातला कुचला. अग्नितुंडी वटी, विषतिंदुक वटी अशा औषधांत तो शोधन करूनच, म्हणजे विषारीपणा कमी करूनच, वापरतात, कारण बीमध्ये स्ट्रिक्निन आणि ब्रुसिन ही दोन अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतली नायट्रोजनयुक्त द्रव्ये, असतात. दोन्ही मिळून बीच्या वजनाच्या साधारण दोन-तीन टक्के. स्ट्रिक्निन मज्जारज्जूत स्नायूंना आवरणारा ग्लायसिनचा संदेश अडवते. मग सारे शरीर ताठरते, झटके येतात, श्वास थांबतो. प्रौढ माणसाला 100 मिलिग्रॅमही पुरे होतात. ब्रुसिन त्यामानाने बरेच सौम्य. म्हणून एकूण अल्कलॉइड किती, एवढ्यावर भागत नाही. त्यातले स्ट्रिक्निन किती, ते वेगळे कळावे लागते, आणि रसायनशास्त्राला सर्वांत जड गेले ते हेच.

पेलेतिए आणि कावांतू या फ्रेंच जोडीने 1818 मध्ये काजऱ्याच्याच कुळातल्या एका बीपासून स्ट्रिक्निन वेगळे काढले. पुढच्याच वर्षी ब्रुसिन हाती आले. पदार्थ सापडला, पण त्याचे मोजमाप अजून दूर होते. इंग्लंडमध्ये 1856 साली विल्यम पामर या डॉक्टरवर मित्राच्या खुनाचा खटला चालला. मित्र जॉन कुक झटके येऊन, शरीर धनुष्यासारखे वाकून मेला होता. लक्षणे स्ट्रिक्निनची होती. तरी त्या काळचे नामांकित विषतज्ज्ञ आल्फ्रेड टेलर यांना कुकच्या अवयवांत अँटिमनी हे दुसरे विष सापडले, स्ट्रिक्निन मात्र सापडले नाही. पामरला फाशी झाली ती लक्षणे, विषाची खरेदी आणि परिस्थितीजन्य पुरावा यांच्या बळावर. त्या वेळी हाताशी होती ती रंगाची कसोटी: सल्फ्युरिक आम्लात पोटॅशियम डायक्रोमेटचा कण टाकला की स्ट्रिक्निन जांभळा रंग देई आणि तो पाहता पाहता लालसर होई. विष आहे का, एवढे त्यातून कळे. किती आहे, ते नाही.

औषधकोशांनी पुढे टायट्रेशन आणले, म्हणजे ठरावीक तीव्रतेचा द्रव थेंबाथेंबाने मिसळून प्रमाण काढणे. त्यात दोन्ही अल्कलॉइड एकत्रच मोजली जात. स्ट्रिक्निन वेगळे हवे असेल तर मिश्रणात नायट्रिक आम्ल घालत. ब्रुसिन लालभडक होऊन नष्ट होई आणि उरलेले स्ट्रिक्निन मोजत. एकाचा हिशेब लावायला दुसऱ्याचा नाश! वेळ जरा चुकली की थोडे ब्रुसिन मागे राही किंवा थोडे स्ट्रिक्निनही जाई, आणि आकडा बिघडे.

विजेने रेणू वेगळे करण्याची वाट स्वीडनमध्ये तयार झाली. टिसेलियस यांनी 1937 मध्ये रक्तातली प्रथिने अशी वेगळी केली आणि 1948 चे नोबेल मिळवले. अडचण होती उष्णतेची. व्होल्टेज वाढवले की द्रव तापे, त्यात प्रवाह उठत आणि वेगळे झालेले पट्टे पुन्हा मिसळत. अमेरिकेत जॉर्गन्सन आणि लुकाक्स यांनी 1981 मध्ये 75 मायक्रोमीटर पोकळीची काचनळी घेतली. इतक्या बारीक नळीतून उष्णता चटकन बाहेर पडते, त्यामुळे 30 हजार व्होल्ट लावता आले. हीच कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस.

अल्कलॉइडना ही पद्धत मुळातच मानवते. ती नायट्रोजनयुक्त आम्लारी असतात. आम्लधर्मी बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) त्यांच्यावर धन प्रभार येतो आणि ती ऋण टोकाकडे निघतात. स्ट्रिक्निन आणि ब्रुसिन यांच्यावरचा प्रभार जवळपास सारखाच, पण ब्रुसिनच्या रेणूवर दोन मिथॉक्सी गट जास्त. रेणुभार 334 आणि 394. जड ब्रुसिन मागे पडते, स्ट्रिक्निन आधी पोहोचते. नळीच्या टोकाजवळ अतिनील प्रकाशात दोन स्वतंत्र शिखरे उमटतात आणि शिखराच्या क्षेत्रफळावरून प्रमाण काढता येते. नमुना लागतो काही नॅनोलिटर, विद्रावक अगदी थोडा. हे सगळे काही मिनिटांत आणि कशाचाही नाश न करता होते, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

उणीवही तितकीच खरी आहे. प्रकाशाला नळीतून जायला जेमतेम 75 मायक्रोमीटरची वाट मिळते, म्हणून अत्यल्प प्रमाण पकडणे कठीण जाते. औषधकोशांचा भर आजही मुख्यतः एचपीएलसीवर (दाबाखाली द्रव स्तंभातून सोडून घटक वेगळे करण्याच्या पद्धतीवर) आहे, तो काही अंशी यामुळेच.

शोधनाच्या अभ्यासात मात्र विलगीकरणाचे मोल कळते. कुचला गोमूत्रात भिजवतात, गाईच्या दुधात शिजवतात, साल आणि आतली जीभ (अंकुर) काढतात, तुपात परततात. यात काही विष टाकून दिलेल्या द्रवात उतरते. जास्त आच लागली तर काहीचे आयसोस्ट्रिक्निनसारख्या वेगळ्या रेणूंत रूपांतर होते. एकूण बेरजेत या दोन्ही गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत, वेगवेगळ्या शिखरांत दिसतात. भारतात औषध नियमांच्या अनुसूची ई(1) मध्ये कुचल्याची नोंद आहे, आणि तो असलेल्या औषधाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ ही सूचना छापावी लागते. त्या सूचनेशेजारी एका गोळीत स्ट्रिक्निन किती मिलिग्रॅम आहे, हेही छापले जावे.