सातपुड्याचे जुने इंची नकाशे

खानदेशाच्या उत्तरेकडील अक्राणी, तोरणमाळ, अस्तंभा या दुर्गम डोंगराळ मुलखाचे, १ इंचास १ मैल (१:६३,३६०) या प्रमाणावर भारतीय सर्वेक्षण विभागाने छापलेले स्थलनिर्देशक नकाशे. बोलीत ‘टोपोशीट’ किंवा नुसतेच ‘शीट’. धडगाव, तोरणमाळ, शहादा व नंदुरबार ही सर्व ठिकाणे ‘४६ के’ या क्रमांकाच्या, एक अंश अक्षांश-रेखांशाच्या चौकटीत येतात. तिचे १५ मिनिटांचे १६ तुकडे, आणि प्रत्येक तुकडा म्हणजे एक इंची पत्रक. मेट्रिक पद्धत आल्यावर त्यांची जागा १:५०,००० च्या पत्रकांनी घेतली.

तपकिरी समोच्च रेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या), निळे पाणी, हिरवे जंगल, पिवळी शेती अशी रंगांची विभागणी असते. लगतच्या दोन रेषांत उंचीचे ५० फुटांचे अंतर. नव्या पत्रकांत ते २० मीटर, म्हणजे सुमारे ६५ फूट; त्यामुळे तोच चढ जुन्या कागदावर अधिक दाट दिसतो आणि नवा भटक्या उगाच धास्तावतो. तोरणमाळच्या सीताखाईपाशी मात्र रेषा इतक्या चिकटतात की धास्ती रास्त ठरते. अस्तंभ्याचे १,३२५ मीटर उंचीचे शिखर दिवाळीतल्या यात्रेने सर्वांना ठाऊक. पण त्याच्या सोंडा आणि नाले कुठून कुठे उतरतात हे कागदावरच नीट उमगते.

पाड्यांच्या बाबतीत हे नकाशे बेभरवशाचे. इथली वस्ती विखुरलेली, घरे शेताशेतांत. ठिपके सर्वेक्षणाच्या हंगामापुरतेच खरे. भिली-पावरी नावांची रोमन लिपीत झालेली ओढाताण हा वेगळाच विषय.

खरे मोल आहे ते नर्मदाकाठच्या पत्रकांना. सरदार सरोवराची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर, म्हणजे ४५५ फूट. जुन्या नकाशावरची ४५० फुटांची रेषा तिच्या जेमतेम खाली येते. त्या रेषेवर बोट फिरवत गेले की मणिबेलीसारख्या गावांचे काय बुडाले ते ओळीने सापडते: नदीकाठची गाळाची शेती, पायवाटा, नदी ओलांडायचे उतार, नाल्यांची तोंडे. जलाशय २०१९ मध्ये प्रथम काठोकाठ भरला. नव्या नकाशांवर या जागी निळा रंग आहे.