झुडपी गुलाब निवडताना: ठाण्याचा पावसाळा काढणाऱ्या जाती

डिसेंबरात कुठलाही गुलाब देखणाच दिसतो. हवा कोरडी, ऊन कोवळं, पिशव्यांच्या रांगेत टपोरी फुलं डोलत असतात आणि आपण रंगावर भाळून रोप उचलतो. आमचं म्हणणं एवढंच, की तेच रोप येत्या ऑगस्टमध्ये कसं दिसेल हे आधी विचारा. ठाण्यात जून ते सप्टेंबर मिळून साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्या चार महिन्यांत ज्याची पानं टिकली, तोच गुलाब दिवाळीनंतर भरभरून फुलतो. पानंच गळून गेली, तर झाडाची सगळी ताकद नवी पानं काढण्यात जाते आणि फुलाला काही उरत नाही.

म्हणून आमच्या रोपवाटिकेत गुलाब घ्यायला आलात, की आम्ही आधी पानाबद्दल बोलतो, मग फुलाबद्दल.

झुडपी म्हणजे कोणता गुलाब

तसं पाहिलं तर सगळेच गुलाब झुडपं. पण बाजारात बहुतेकांच्या डोळ्यासमोर असतो तो हायब्रिड टी, म्हणजे लांब दांड्यावर एकच मोठं फूल. १८६७ सालचा 'ला फ्रान्स' हा या कुळातला पहिला मानतात. फूलदाणीसाठी त्याला तोड नाही, पण झाड उंच, विरळ आणि नाजूक. झुडपी गुलाब बुंध्यापासूनच चार-सहा फांद्या काढतो, गोलसर भरतो, झुपक्यांनी फुलतो आणि छाटणी थोडी इकडेतिकडे झाली तरी रुसत नाही. आम्ही चायना (मूळ चीनमधून आलेले), पॉलिएंथा (छोट्या फुलांच्या घोसांचे) आणि कणखर फ्लोरिबंडा (झुपक्यांनी फुलणारे) गुलाबही याच रांगेत ठेवतो. पुस्तकात त्यांचे गट वेगळे असतील, घरच्या बागेत स्वभाव सारखाच आहे.

जांभळी नाक्यावर किंवा दादरला मिळतो तसा लांब दांड्याचा लाल गुलाब पुष्कळजण मागतात. 'ताजमहाल' आणि 'टॉप सीक्रेट' ही नावं घेऊनच येतात. ही फुलं मावळातल्या पॉलिहाऊसमधली. डोक्यावर प्लास्टिक, पानावर पावसाचा थेंब नाही, खत आणि पाणी नळीतून मोजून. ती सोय आपल्या गॅलरीत नाही. हे रोप आम्ही मुद्दाम ठेवत नाही.

पान नीट बघा

गेल्या ऑगस्टमध्ये वर्तकनगरहून एक काकू कुंडीसकट रोप घेऊन आल्या. पिवळा हायब्रिड टी, डिसेंबरात आमच्याकडूनच नेलेला. खाली चार हिरव्या काड्या आणि शेंड्याला सहा-सात पानं. त्यातलं एक पान आम्ही त्यांना उजेडात धरून दाखवलं: वाटाण्याएवढे काळे डाग, डागाची कड सरळ नव्हे तर बारीक केसांसारखी फिस्कारलेली, आणि भोवतीचं पान पिवळं पडत चाललेलं. हाच काळा ठिपका. ही बुरशी आहे, आणि पान सलग सहा-सात तास ओलं राहिलं की ती आत शिरते. आपल्याकडे जुलैत पान दिवसच्या दिवस ओलं असतं.

काकूंनी विचारलं, "पिवळाच का गेला? शेजारचा गुलाबी तर छान आहे." प्रश्न अगदी नेमका होता. आधुनिक गुलाबांत गडद पिवळा रंग आला तो 'पर्शियन यलो' या पिवळ्या गुलाबापासून. फ्रान्समधल्या लिओंच्या पेर्ने-दुशे यांनी त्याचा संकर करून १९०० साली 'सोले द ऑर' बाजारात आणला. रंगाबरोबर काळ्या ठिपक्याला बळी पडण्याचा दोषही पुढच्या पिढ्यांत उतरला. सगळेच पिवळे वाईट असं नाही, पण आमच्या अनुभवात पावसात आधी पानं टाकतात ते पिवळे आणि केशरी. तेव्हा पहिलाच गुलाब घेत असाल, तर तो पिवळा नसावा. काकूंना हे डिसेंबरातच सांगायला हवं होतं. तेव्हापासून पिवळ्या गुलाबाच्या पिशवीवर आम्ही तशी चिठ्ठी लावतो.

आम्ही कोणत्या जाती सुचवतो

पहिलं नाव गावठी गुलाबाचं. गुलाबी, मध्यम आकाराचं, सैल पाकळ्यांचं फूल आणि हात लावला तरी बोटांना लागणारा सुवास. रोपवाटिकांत आणि पुस्तकांत त्याला एडवर्ड गुलाब म्हणतात. हा बूर्बां कुळातला. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर, तेव्हाच्या बूर्बां बेटावर, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चायना आणि दमास्क गुलाबांच्या संकरातून हे कुळ उभं राहिलं. चायनाकडून वर्षभर फुलण्याची सवय आली, दमास्ककडून वास. फूल दोन-तीन दिवसांत गळतं, पण पूजेला, गुलकंदाला याच्यासारखा दुसरा नाही. गुलकंद करायचा असेल तर घरचंच फूल वापरा. बाजारातल्या दांड्याच्या फुलांवर औषधं मारलेली असतात. गावठीची पेन्सिलीएवढी जाड काडी पावसाळ्याच्या शेवटी लावली तर सहज लागते. स्वतःच्या मुळांवर वाढत असल्यामुळे त्याला खुंटाच्या, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या दुसऱ्या गुलाबाच्या, फुटव्यांचा त्रासही नाही.

नुसत्या दमास्क गुलाबाची मागणी अधूनमधून होते, अत्तराचा गुलाब म्हणून. कन्नौज, पुष्करकडे तो वसंतात एकदाच फुलतो, त्याला त्या आधीची थंडी लागते. ठाण्यात ती थंडी नाही. जुने युरोपी गुलाब, गॅलिका, आल्बा वगैरे, त्यांचंही हेच. ते विकत घेऊन मन मोडून घेऊ नका.

चायना गुलाबांवर मात्र आमचा फार जीव आहे. १७९० च्या दशकात चीनमधून इंग्लंडला जे गुलाब गेले, त्यांतला एक आज 'ओल्ड ब्लश' नावाने ओळखला जातो. फिकट गुलाबी, तीन-चार फूट, काटे कमी, वास हलका, आणि आपल्या हवेत जवळजवळ बारमाही फूल. उष्ण मुलुखातला असल्यामुळे त्याला हिवाळ्याची झोप लागत नाही. त्याच घरातला 'म्यूटाबिलिस' आणखी गमतीचा: पाच पाकळ्यांचं साधं फूल सकाळी पिवळसर उमलतं, मग गुलाबी होतं, शेवटी गर्द किरमिजी. एकाच झाडावर तिन्ही रंग एकदम दिसतात, जणू फुलपाखरं बसली आहेत. त्याला जागा लागते. बंगल्याची बाग किंवा सोसायटीचा वाफा असेल तरच घ्या, गॅलरीत नको.

गॅलरीच्या ग्रीलसाठी 'द फेअरी' आणि बटण गुलाब. 'द फेअरी' १९३२ चा इंग्लिश पॉलिएंथा, गुडघ्याएवढा, छोट्या गुलाबी फुलांचे दाट घोस. पानं बारीक आणि चकचकीत, त्यामुळे पाणी थबकून राहत नाही. वास शोधू नका. बटण गुलाब आठ-दहा इंची कुंडीत खूष असतो, मुलांनाही आवडतो. उन्हाळ्यात त्याच्यावर लाल कोळी ही बारीक कीड पटकन येते. पानाखाली बारीक जाळं दिसलं, तर सकाळी नळीच्या जोरदार पाण्याने पानं खालून धुवा.

पांढऱ्यात 'आइसबर्ग'. १९५८ साली जर्मनीच्या कोर्डेस यांनी काढलेला हा फ्लोरिबंडा जगभर लावतात. फुलांना खंड नाही. पण खरं सांगायचं तर ठाण्याच्या पावसात त्याची खालची पानं जातात. दर आठवड्याला डागाळलेली पानं वेचायची तयारी असेल तर जरूर घ्या, ऑक्टोबरनंतर तो सगळं भरून देतो. 'नॉक आउट' हा अमेरिकेचे विल्यम रॅडलर यांनी काढलेला, २००० साली बाजारात आलेला झुडपी गुलाब. काळ्या ठिपक्याला दाद न देण्यासाठीच तो प्रसिद्ध आहे, सुकलेली फुलं आपोआप गळतात. वास नाही. आमच्याकडे तो नेहमी नसतो, आधी विचारून या.

इंग्लिश गुलाबांचे फोटो मोबाइलवर दाखवणारे बरेच असतात. डेव्हिड ऑस्टिन यांचा १९८३ चा 'ग्रॅहॅम थॉमस' त्यांत हमखास. फूल अप्रतिम आहे, पण उष्ण हवेत तो झुडूप राहत नाही, आठ-दहा फुटी काठ्या काढतो. शिवाय पिवळा.

कोडाईकनालचे विरू वीरराघवन यांनी आपल्याच देशात पाणथळ जागी वाढणाऱ्या जंगली गुलाबाचा, 'रोझा क्लायनोफायला'चा, संकरात उपयोग करून गरम हवेचे गुलाब तयार केले. ती रोपं मिळवण्याची आम्हाला खूप इच्छा आहे. मिळाली की फलकावर लिहू.

ऊन मोजून या

झुडपी गुलाबाला किमान पाच तास थेट ऊन हवं. नुसता उजेड नाही, ऊन. एखाद्या रविवारी खडू घ्या आणि गॅलरीच्या फरशीवर आठ, दहा, बारा, दोन, चार वाजता उन्हाची कड आखा. त्याचा फोटो आम्हाला दाखवा, अर्धं काम झालं. पूर्वेची गॅलरी उत्तम, कारण सकाळच्या उन्हाने पानावरचं दव आणि पाऊस लवकर वाळतो. दक्षिणेच्या गॅलरीत ऑक्टोबर ते फेब्रुवारी ऊन आत येतं, म्हणजे ऐन बहरात, त्यामुळे तीही चालते. उत्तरेला गुलाब नको. उपवन, वसंतविहार अशा येऊरच्या पायथ्याच्या भागात संध्याकाळचं ऊन डोंगराआड लवकर जातं, तेव्हा पश्चिमेच्या गॅलरीवाल्यांनी तासांचा हिशेब जरूर करावा. घोडबंदर रोडच्या उंच इमारतींत वाऱ्याने कुंडी फार लवकर सुकते. तिथे बुटक्या जातीच घ्या.

रोप हातात घेतल्यावर

फूल नसलेलं पण तीन-चार जाड फांद्यांचं रोप, एका फांदीवर तीन फुलं असलेल्या रोपापेक्षा चांगलं. डोळा भरलेल्या, म्हणजे खुंटावर कलम केलेल्या, रोपाच्या बुंध्याशी एक गाठ दिसते. गाठीवर प्लास्टिकची पट्टी राहिली असेल तर आमच्याकडून काढून घ्या, नाहीतर ती सालीत रुतते. गाठीच्या खालून निघालेला फुटवा हा खुंटाचा. सात पानांचा तो खुंटाचा असं म्हणतात, पण पानं मोजत बसू नका, तो कुठून निघाला ते माती सरकवून बघा आणि मुळापासून उपटा. कापला तर पुन्हा येतो.

बाहेरगावाहून येणारी रोपं चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात असतात. तो गोळा तसाच कुंडीत ठेवला की पाणी बाजूने वाहून जातं आणि मुळं आत कोरडीच राहतात, वरून माती ओली दिसते म्हणून कळतही नाही. लावण्याआधी गोळा अर्धा तास बादलीत बुडवा, बाहेरची माती बोटांनी सैल करा, गाठ मातीच्या वर ठेवून लावा. कुंडी बारा इंची तरी हवी, तळाला मोकळी भोकं. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड.

जूनमध्ये कुंडीखालच्या ताटल्या काढून टाका आणि कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवा. खत बंद. गळलेली पानं रोज उचला, त्यांच्यावरूनच ठिपका परत उडतो. छाटणी दसरा ते दिवाळीच्या दरम्यान, पाऊस पूर्ण थांबल्यावर. झुडपी गुलाबाचा वरचा फक्त एक तृतीयांश भाग काढायचा. बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या वर तिरका काप घ्या आणि कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा, म्हणजे फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येत नाही. छाटणीपासून सहा-सात आठवड्यांत फूल येतं. नाताळला फुलं हवी असतील तर नोव्हेंबरचा पहिला आठवडा चुकवू नका. पाणी सकाळी, मुळाशी, माती वाफशावर, म्हणजे थोडी ओल राहून मोकळी, आल्यावरच.

पान डागाळलं आणि काय झालंय ते कळत नसेल, तर एक पान तोडून आणा, सल्ल्याचे पैसे नाहीत. फक्त ते बंद पिशवीत आणा आणि दाराजवळच्या टेबलावरच उघडा. आत आमची सगळी रोपं आहेत.