तिरुनेलवेली वजा अलिबाग

आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेल्या आठवड्यात तो मेसेज पुन्हा फिरला. उत्तरेकडे डोकं करून झोपू नका, पृथ्वीचं चुंबकत्व रक्तातलं लोह मेंदूकडे ओढतं. आम्ही नवीन पनवेलला राहतो. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय इथेच, सेक्टर 18 मध्ये आहे. त्याच गावात हा मेसेज विज्ञान म्हणून फिरावा याचं मला मनापासून वाईट वाटलं.

आधी तो निकालात काढू. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे 40 हजार नॅनोटेस्ला असतं; नॅनोटेस्ला म्हणजे टेस्लाचा अब्जावा भाग. इस्पितळातलं एमआरआय यंत्र साधारण दीड टेस्लाचं असतं, म्हणजे पृथ्वीच्या 35 हजारपटींहून जास्त. त्यात माणूस अर्धा तास पडून राहतो आणि उठून घरी जातो. हिमोग्लोबिनमधलं लोह रेणूत बांधलेलं असतं, ते खिळ्यासारखं चुंबकाकडे धावत नाही.

खरं नवल वेगळंच आहे. केरळ-तामिळनाडूच्या टोकाला रोज दुपारी हे क्षेत्र काही दशक नॅनोटेस्लांनी, कधी कधी शंभराच्या घरात वाढतं आणि संध्याकाळी उतरतं. त्याचं कारण जमिनीपासून सुमारे 105 किलोमीटर उंचीवर आहे.

तिथे सूर्यकिरणांमुळे रेणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. हे आयनांबर. वारे ही भारित हवा चुंबकीय क्षेत्रातून ढकलतात आणि सायकलच्या डायनॅमोसारखी वीज तयार होते. दिवसा या विद्युतक्षेत्राची दिशा पूर्वेकडे असते. आता चुंबकीय विषुववृत्तावर या. इथे चुंबकीय रेषा जमिनीला समांतर, दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात. या उंचीवर जड आयन हवेच्या रेणूंना धडकत अडखळतात. हलके इलेक्ट्रॉन मात्र त्या धडकांतून बरेचसे सुटलेले असतात आणि चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेतात. गिरक्या घेणाऱ्या कणाला विद्युतक्षेत्राने ढकललं, तर तो त्या दिशेने न जाता काटकोनात सरकतो. विद्युतक्षेत्र पूर्वेकडे, चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे, म्हणून इलेक्ट्रॉन सरकतात वर. पण या थराच्या वर आणि खाली वाहकता घटते, त्यामुळे ते वरच्या काठाला साचतात आणि खाली धन भार उरतो. त्यातून दुसरं विद्युतक्षेत्र उभं राहतं, खालून वर जाणारं, मूळच्यापेक्षा कितीतरी जोरकस. त्याला पुन्हा काटकोनाचा नियम लावा. इलेक्ट्रॉन आता पश्चिमेकडे सुटतात, म्हणजेच विद्युतप्रवाह पूर्वेकडे वाहतो. चुंबकीय रेषा जरा तिरप्या असत्या, तर साचलेला भार त्यांच्यावरून घसरून निघून गेला असता. म्हणून ही किमया फक्त सुमारे 600 किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात घडते. ब्रिटिश शास्त्रज्ञ सिडनी चॅपमन यांनी 1951 साली तिला ‘इक्वेटोरियल इलेक्ट्रोजेट’ हे नाव दिलं, त्याला मराठीत विषुववृत्तीय विद्युतझोत म्हणू.

हा झोत मोजायचा कसा? तामिळनाडूतल्या तिरुनेलवेलीची वेधशाळा झोताखाली आहे, अलिबागची झोताच्या बाहेर. सूर्यावरून आलेलं वादळ दोन्हीकडे जाणवतं, झोत फक्त एकीकडे. तिरुनेलवेलीच्या दुपारच्या वाढीतून अलिबागची वाढ वजा केली की उरतो तो झोत. शाळेतली वजाबाकी, पण तिच्यामागे शंभराहून अधिक वर्षांची शिस्त आहे. कुलाब्यात 1841 पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. 1859 च्या महाभयंकर सौर वादळाची कुलाब्याची नोंद आजही जगभर अभ्यासली जाते. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने नोंदी बिघडणार म्हटल्यावर वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांच्या काळात, 1904 साली, वेधशाळा अलिबागला नेली. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, जोड नीट बसावा म्हणून.

मी गच्चीत मोबाइलमधलं होकायंत्राचं अ‍ॅप उघडून पाहिलं. मोकळ्यावर आकडा 42 मायक्रोटेस्ला (एक मायक्रोटेस्ला म्हणजे हजार नॅनोटेस्ला), पाण्याच्या टाकीच्या खांबाशी गेलो तर 60. खांबातली सळई एवढा गोंधळ घालते. तिच्यापुढे झोताचा परिणाम म्हणजे शून्य पूर्णांक एक मायक्रोटेस्ला! अशी नोंद घ्यायची तर खोलीत लोखंडाचा खिळाही चालत नाही, किल्ल्या आणि पट्ट्याचं बक्कल बाहेर ठेवावं लागतं.

आता जगाचा नकाशा बघा. चुंबकीय विषुववृत्त पेरू, नायजेरिया, इथिओपिया, भारत, व्हिएतनाम यांच्यावरून जातं. युरोप, जपान किंवा अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून जात नाही. म्हणजे झोत आमच्या डोक्यावर आणि यंत्रं त्यांच्याकडे. अशा वेळी पाहुणे येतात, मोजमाप करतात, नोंदी घेऊन परत जातात आणि निबंध तिकडे छापतात. याला हेलिकॉप्टर संशोधन म्हणतात आणि त्यातून यजमान देशाच्या हाती काही उरत नाही.

पेरूत तसं झालं नाही. वांकायोची वेधशाळा अमेरिकेच्या कार्नेगी संस्थेने 1922 मध्ये सुरू केली, पण 1947 मध्ये ती पेरू सरकारकडे आली आणि पेरूच्या शास्त्रज्ञांनीच पुढे वाढवली. आपल्याकडे केरळातलं थुंबा, अग्निबाण सोडण्याचं केंद्र. 21 नोव्हेंबर 1963 च्या संध्याकाळी तिथून उडालेला नायकी-अपाची अग्निबाण अमेरिकेचा होता, त्यातली सोडियमची वाफ फ्रान्सची होती. आकाशात उमटलेल्या नारिंगी रेघेवरून वरचे वारे मोजले, तेच डायनॅमो फिरवणारे वारे. पण विक्रम साराभाईंनी त्याआधीच आपले तरुण अभियंते अमेरिकेत शिकायला धाडले होते. चारच वर्षांत, नोव्हेंबर 1967 मध्ये, आपला स्वतःचा छोटा रोहिणी अग्निबाण थुंब्याहून उडाला. फेब्रुवारी 1968 मध्ये हे केंद्र संयुक्त राष्ट्रांना अर्पण केलं गेलं, म्हणजे इतर देशांनाही दार उघडं झालं.

मला हा फरक सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खोक्यातून आलेलं यंत्र ही क्षमता नव्हे. यंत्र बिघडल्यावर ते उघडू शकणारा आणि आलेख स्वतः वाचू शकणारा माणूस तयार झाला, तर ती क्षमता. 2007 च्या आंतरराष्ट्रीय सूर्यभौतिकी वर्षात ठरलेली रीत म्हणूनच मला आवडते: यंत्र देणारा देश यंत्र देतो, यजमान देश जागा आणि माणसं देतो. जपानच्या क्यूशू विद्यापीठाने आफ्रिकेत चुंबकमापींची साखळी उभी केली, ती याच काळात. आता भारतानेही देणाऱ्यांच्या रांगेत उभं राहावं. अलिबागची शिस्त शिकवण्यासारखी आहे.

आणि गरज आपलीही आहेच. झोत सूर्यामागे धावतो, म्हणून त्याचा पूर्ण फेरा एकाच देशातून दिसत नाही. आपल्याकडे दुपारचे अडीच वाजतात तेव्हा इथिओपियात बारा वाजलेले असतात, आणि पेरूत मध्यान्ह होते तेव्हा पनवेलला रात्रीचे साडेदहा. तिरुनेलवेलीची रेघ तोवर खाली येऊन सपाट झालेली असते. वांकायोची तेव्हाच उंचावर असते.