मत फिरलं की घरीच राहिलं?

निकाल लागला की हरलेल्या उमेदवाराच्या ऑफिसात दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, "आपली मतं तिकडे गेली." दुसरं, "आपलं मतदान बाहेरच पडलं नाही." आपल्याकडच्या कुठल्याही बूथ कार्यकर्त्याला यातला फरक शिकवावा लागत नाही. पहिल्या रोगावर बैठका घ्याव्या लागतात, दुसऱ्यावर रिक्षा पाठवाव्या लागतात.

अमेरिकेच्या निवडणुकीच्या बातम्या वाचताना मात्र हा फरक हमखास पुसला जातो. "कृष्णवर्णीय मतदार डेमोक्रॅट्सपासून दुरावले", "लॅटिनोंनी (म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या लोकांनी) पाठ फिरवली" असे मथळे येतात. दुरावले म्हणजे ट्रम्प यांना मत दिलं की सोफ्यावर बसून राहिले? दोन्ही घटनांत डेमोक्रॅट्सची टक्केवारी घसरते, पण हिशोब वेगळा आहे. तुमचा मतदार घरी राहिला तर तुमचं एक मत कमी होतं. तोच समोर गेला तर तुमचं एक कमी आणि त्यांचं एक जास्त, म्हणजे फरक दोन मतांनी हलतो. पुरोगामी गटांत गेली दहा-बारा वर्षं जो वाद चालू आहे, तो याच हिशोबाभोवती फिरतो.

मत घरी राहणं म्हणजे काय, हे पाहायचं तर २०१६ चं विस्कॉन्सिन घ्यावं. ट्रम्प यांनी ते राज्य २२,७४८ मतांनी जिंकलं. राज्यातली कृष्णवर्णीय वस्ती सर्वांत मोठ्या प्रमाणात मिलवॉकीत आहे. मिलवॉकी काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) २०१२ मध्ये ओबामांना सुमारे ३ लाख ३२ हजार मतं पडली होती, २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना सुमारे २ लाख ८९ हजार. ४३ हजारांची ही तूट राज्यातल्या पराभवाच्या जवळपास दुप्पट भरते. मग ही मतं ट्रम्पना गेली का? ट्रम्पना तिथे मिळाली सुमारे १ लाख २६ हजार, आणि चार वर्षांपूर्वी त्यांच्याच पक्षाच्या रॉम्नींना मिळाली होती सुमारे १ लाख ५५ हजार. म्हणजे जिंकणाऱ्याचीही मतं घटली! काही मतं तिसऱ्या उमेदवारांना गेली हे खरं, पण बरीच पेटीपर्यंत पोहोचलीच नाहीत. देशपातळीवरही चित्र असंच होतं. जनगणना विभागाच्या पाहणीनुसार कृष्णवर्णीयांचं मतदान २०१२ मध्ये सुमारे ६६ टक्के होतं, २०१६ मध्ये ते ६० च्या खाली आलं. अध्यक्षीय निवडणुकीत मतदानासाठी फोटो ओळखपत्र दाखवायची सक्ती विस्कॉन्सिनमध्ये त्याच वर्षी पहिल्यांदा लागू झाली होती, तेव्हा घरी राहिलेल्या सगळ्यांना आळशी म्हणून मोकळं होता येत नाही.

या निकालातून पुरोगाम्यांनी काढलेला धडा सरळ होता: कुंपणावरच्या गोऱ्या मतदारांमागे पैसा ओतण्यापेक्षा आपलं हक्काचं, पण न होणारं मतदान बाहेर काढा. जॉर्जियात डेमोक्रॅट नेत्या स्टेसी एब्रम्स हे आधीपासूनच करत होत्या. ज्यांचं नाव मतदार यादीतच नाही अशा कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई आणि तरुण नागरिकांची नोंदणी करायची, हे त्यांच्या 'न्यू जॉर्जिया प्रोजेक्ट' या संस्थेचं काम होतं. २०१८ मध्ये गव्हर्नरपदासाठी त्या रिपब्लिकन ब्रायन केम्प यांच्याकडून सुमारे ५५ हजार मतांनी हरल्या. २०२० मध्ये बायडन यांनी ते राज्य ११,७७९ मतांनी घेतलं आणि जानेवारी २०२१ मध्ये रॅफेल वॉरनॉक आणि जॉन ऑसॉफ हे दोघंही डेमोक्रॅट सिनेटवर गेले. "मतदार बाहेर काढा, राज्य आपोआप फिरेल" या सिद्धांताचा पोस्टर म्हणून जॉर्जिया मिरवलं जाऊ लागलं.

पण त्याच जॉर्जियातली ८ नोव्हेंबर २०२२ ची मोजणी शांतपणे वाचून बघा. एकाच दिवशी एकाच मतपत्रिकेवर गव्हर्नर आणि सिनेटर अशा दोन्ही लढती होत्या. डेमोक्रॅट्सकडून एब्रम्स आणि वॉरनॉक, दोघंही कृष्णवर्णीय. एब्रम्सना मिळाली सुमारे १८ लाख १४ हजार मतं, वॉरनॉकना सुमारे १९ लाख ४६ हजार. पलीकडे केम्पना सुमारे २१ लाख ११ हजार आणि हर्शेल वॉकर यांना १९ लाख ८ हजार. रांग तीच, यंत्र तेच, माणूसही तोच. इथे कोण बाहेर पडलं आणि कोण नाही हा प्रश्नच उरत नाही, कारण हे सगळे बाहेर पडलेलेच होते. तरी एकाच पक्षाच्या दोन उमेदवारांत सव्वा लाखाहून अधिक मतांचा फरक पडला. एब्रम्स साडेसात टक्क्यांनी हरल्या. वॉरनॉक त्या दिवशी थोडे पुढे राहिले आणि डिसेंबरच्या फेरमतदानात जिंकले. लाखभर माणसांनी वर एका पक्षावर बोट ठेवलं आणि खाली दुसऱ्या. मत फिरणं म्हणतात ते हेच.

वॉरनॉक अटलांटातल्या एबनेझर बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री. मार्टिन ल्यूथर किंग यांचं हे चर्च. रविवारची प्रार्थना आटोपली की मंडळींनी तसंच बसमध्ये बसून लवकर-मतदानाच्या केंद्रावर जायचं, ही दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय चर्चांची जुनी रीत. म्हणजे मतदान बाहेर काढण्याचं यंत्र या माणसाच्या घरचंच. तरीही २०२० च्या प्रचारात त्यांनी जाहिरात केली ती एका बीगल कुत्र्याला घेऊन, छान उपनगरी रस्त्यावर फेरफटका मारतानाची. कुत्रा त्यांचा स्वतःचाही नव्हता. ती जाहिरात चर्चच्या बसमध्ये बसणाऱ्यांसाठी नव्हतीच. अटलांटाच्या उत्तरेला राहणाऱ्या, 'जहाल पाद्री' हा विरोधकांचा शब्द कानावर पडलेल्या गोऱ्या कुटुंबांसाठी ती होती. एकीकडे बस, एकीकडे बीगल. दोन्ही कामं एकाच उमेदवाराने केली, आणि कुठलं काम कोणासाठी याची त्याने गल्लत केली नाही. मला विचाराल तर जॉर्जियाच्या पोस्टरवर तो कुत्राही असायला हवा होता.

दाराशी गेल्यावर ही दोन कामं किती वेगळी दिसतात ते बघा. अमेरिकेत कोणी कोणाला मत दिलं हे गुप्त, पण कोणी कुठल्या निवडणुकीत मतदान केलं याची नोंद उघड असते. स्वयंसेवकाच्या मोबाइलवरच्या यादीत प्रत्येक नावामागे दोन अंदाज बांधलेले असतात: हा आपला असण्याची शक्यता किती आणि हा मतदानाला जाण्याची शक्यता किती. पहिला आकडा मोठा आणि दुसरा लहान असेल तर धोरणांवर गप्पा मारायच्या नसतात. कुठल्या दिवशी जाणार, किती वाजता, गाडी आहे का, मुलांना कोण सांभाळणार, एवढंच विचारायचं. पहिला आकडा मधे लटकत असेल आणि दुसरा मोठा, तर मात्र ऐकून घ्यायला वेळ काढायचा.

यातलं एक काम बऱ्यापैकी जमतं, दुसरं फार क्वचित. २००६ मध्ये मिशिगनमध्ये एक प्रयोग झाला. तुमच्या गल्लीत कोणी मतदान केलं आणि कोणी नाही याची यादी टपालाने घरी पाठवली, तर त्या घरांतलं मतदान सुमारे ८ टक्के-अंशांनी वाढलं. शेजाऱ्यांच्या नजरेची भीती साता समुद्रापारही चालते म्हणायची. उलट मन वळवण्याबद्दल जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रुकमन या अभ्यासकांनी २०१८ मध्ये अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले. सार्वत्रिक निवडणुकीत पत्रकं, फोन, दारोदार फिरणं यांचा मत बदलण्यावर सरासरी परिणाम त्यांना शून्याच्या आसपास सापडला. शेवटच्या पंधरवड्यात परगावाहून आलेला मुलगा कोणाचं राजकारण बदलून जात नाही.

मग बाहेर काढणंच शहाणपणाचं? इथे खरी मेख आहे, आणि ती त्या पहिल्या आकड्यात आहे. 'हा आपलाच' हे ठरवताना वर्ण हा फार मोठा आधार धरला जातो. जॉर्जियाच्या मतदार नोंदणी अर्जावर वंशाचा रकाना असतो, टेक्सासमध्ये नसतो, म्हणून तिथे आडनाव आणि वस्ती पाहून अंदाज बांधतात. वर्ण कळला म्हणजे मत कळलं, हे गृहीतक जिथवर खरं तिथवर यंत्र चोख चालतं. ते ढिलं झालं की तुमचाच स्वयंसेवक तुमच्याच पेट्रोलने विरोधी मतदाराला केंद्रावर सोडून येतो.

आणि ते ढिलं झालं आहे. प्यू संस्था मतदान केल्याची नोंद पडताळून पाहणी करते. तिच्या आकड्यांत लॅटिनो मतदारांमध्ये २०२० ला बायडन ६१, ट्रम्प ३६ असं होतं. २०२४ मध्ये ते हॅरिस ५१, ट्रम्प ४८ झालं. कृष्णवर्णीयांत ट्रम्प यांचा वाटा ८ टक्क्यांवरून १५ वर गेला. ८३ टक्के अजूनही हॅरिस यांच्याकडेच होते, तेव्हा 'पाठ फिरवली' हा मथळा तिथे खोटाच ठरतो. सगळ्यांत बोचरा आकडा मतदान न करणाऱ्यांचा: त्यांना विचारलं तर ४४ टक्के ट्रम्पकडे, ४० टक्के हॅरिसकडे झुकलेले. "सगळे बाहेर पडले तर आपण जिंकतो" हे वाक्य २०१२ मध्ये म्हणायला ठीक होतं.

डाव्या गटांचं उत्तरही ऐकण्यासारखं आहे. घरी बसणं हेसुद्धा मतच असतं, ते म्हणतात. ज्याला दोन्ही पक्षांकडून भाडं, पगार आणि गाझाबद्दल काहीच आशा वाटत नाही, त्याला "गाडी आहे का" विचारून काय होणार? त्याचंही मन वळवावंच लागेल, फक्त पक्षाकडे नव्हे तर मतदानाकडे. यात तथ्य आहे, आणि इथे माझ्या दोन रकान्यांमधली रेघ थोडी पुसट होते हे कबूल. मिशिगनमधल्या डिअरबॉर्नमध्ये २०२४ ला अरब-अमेरिकन मतं ट्रम्प, हॅरिस आणि तिसऱ्या पक्षाच्या जिल स्टाइन अशी तीन वाटांनी गेली, आणि शहरात ट्रम्प पहिले आले.

मिशिगनचाच विषय निघाला आहे तर मराठी वाचकाला ठाऊक असलेलं एक नाव. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या तेराव्या मतदारसंघातून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर गेले. डेमोक्रॅट्सच्या पक्षांतर्गत निवडणुकीत नऊ उमेदवार होते आणि साधारण २८ टक्के मतांवर ते जिंकले. कृष्णवर्णीय बहुसंख्या असलेल्या डेट्रॉइटला सुमारे सात दशकांत पहिल्यांदा कृष्णवर्णीय खासदार उरला नाही. तिथे मत फिरलंही नव्हतं आणि घरीही राहिलं नव्हतं, ते आपसात वाटलं गेलं. 'गोरेतर मतदार' ही छत्री दिल्लीतूनच नव्हे, वॉशिंग्टनहून पाहिली तरी एकच दिसते. खाली मात्र ज्याचा-त्याचा उमेदवार वेगळा असतो.

राहिली ती टेक्सासची स्टार काउंटी. रिओ ग्रांदे नदीच्या काठावर, जवळजवळ सगळी वस्ती मेक्सिकन वंशाची. २०१६ मध्ये क्लिंटन यांनी ती ६० टक्के-अंशांनी जिंकली, २०२० मध्ये बायडन यांनी फक्त पाच. सगळीकडे मथळा झाला की लॅटिनो मतं फिरली. आता मतं मोजा. क्लिंटन ९,२८९, बायडन ९,१२३. दीडशे-पावणेदोनशेचा फरक. आणि ट्रम्प? २,२२४ वरून थेट ८,२४७. काही जुने मतदार फिरले असतील आणि त्यांची जागा नव्यांनी भरली असेल, ते बेरजेवरून कळत नाही. पण सहा हजार वाढीव मतं जुन्या पेटीतून नुसती सरकली नव्हती. एरवी मतदान न करणारी माणसं बाहेर पडली होती, अगदी पुरोगाम्यांना हवी होती तशी, आणि त्यांनी ट्रम्पचं बटण दाबलं. २०२४ मध्ये मात्र डेमोक्रॅट्सची मतं सात हजारांच्या आत आली आणि १८९२ नंतर पहिल्यांदा ती काउंटी रिपब्लिकनांकडे गेली. आडनावावरून 'आपला' कोण हे ओळखणाऱ्या यादीचा तिथे काही उपयोग नव्हता. एकाच गल्लीत दोन गार्सिया राहतात, एकाच्या दारात हॅरिसची पाटी आणि दुसऱ्याच्या दारात ट्रम्पची.